संपंगी तलाव
संपंगी तलाव : बंगळूर (२०१४ पासून बेंगळुरू) येथील नामशेष तलाव. जागा कब्बन पार्कजवळील श्री कंठीरव स्टेडियमची. एका बाजूस जुनी पेठ, दुसऱ्या बाजूस १८०९ पासून वसलेली इंग्रजांची छावणी आणि मधोमध तलाव. निर्मितीचे श्रेय परंपरेने केंपेगौडा या बंगळूरच्या शासकाकडे जाते.

बंगळूरला बारमाही मोठी नदी नाही. एका तलावाचे (कन्नड ‘केरे’) पाणी भरून वाहिले की कालव्याने खालच्या तलावात उतरे. तूब (तलावाचे पाणी सोडण्याचे दार) उघडून शेतांना पाणी वाटण्याचे काम नीरुगंटी करी. हे काम बहुधा दलित घराण्यांकडे असे. बागाईत, चराई, मासेमारी, विटांची माती या सर्वांचा आधार तलावच. १८९६ मध्ये हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पेठ आणि छावणी यांना तलावाची गरज उरली नाही. काठावर पोट असणाऱ्यांची गरज मात्र तशीच होती. तलावाचा अंत येथे ठरला, स्टेडियमच्या वेळी नव्हे. हिता उन्नीकृष्णन, बी. मंजुनाथ व हरिणी नागेंद्र यांनी २०१६ च्या अभ्यासात १८८४ ते १९७३ या काळातील हे स्थित्यंतर नकाशे व दप्तरांच्या आधारे मांडले आहे. स्वातंत्र्यानंतरही जमिनीकडे पाहण्याची वसाहतकालीन दृष्टी बदलली नाही, हे त्यातून दिसते.

करग : तिगळ (वह्निकुल क्षत्रिय) हा भाजी-फुले पिकवणारा समाज. द्रौपदीला आदिशक्ती मानून चैत्र पौर्णिमेस भरणाऱ्या त्याच्या करग उत्सवाचा एक विधी तलावाच्या उरलेल्या लहान कुंडाशी होतो. समाजाच्या बंगळुरातील आगमनकाळाबद्दल मतभेद आहेत. देवकार्याचा हक्क टिकला; मळ्याच्या पाण्याचा, चाऱ्याचा टिकला नाही. या नोंदीतील सर्वांत महत्त्वाची बाब हीच.

इतर नामशेष तलाव : धर्मांबुधी (आता मॅजेस्टिकचे बसस्थानक), शूले (फुटबॉल स्टेडियम).

न्यायालयीन बाजू : शहरात उरलेल्या तलावांचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. मार्च २०१६ मध्ये त्यांपैकी अलसूर तलावात मासे मोठ्या संख्येने मेले. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने बंगळुरातील तलावांभोवती ७५ मीटर पट्टा बांधकाममुक्त ठेवण्यास सांगितले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वाद बांधकाम कंपन्या, शासन व नागरी संस्था यांच्यात झाला. नीरुगंटी, गुराखी आणि पाण्यातले जीव त्यात पक्षकार नव्हते.