मामला, सुरत आणि साथीची वर्दी

१/ ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात उंदीर मरून पडू लागले आणि घरोघर पिसवांचा उपद्रव वाढला. आपल्या पणजोबांच्या पिढीला या दृश्याचा अर्थ सांगावा लागत नसे. उंदीर पडला की घर सोडायचे आणि माळावर झोपड्या घालायच्या. १९९४ साली तो अर्थ विसरला गेला होता. आजचा धागा त्या विस्मृतीचा आणि तिच्यातून जन्मलेल्या यंत्रणेचा.

२/ ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक लोक भीतीपोटी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले. माणसांविना, पण धान्याने भरलेल्या त्या घरांत उंदरांची बेसुमार पैदास झाली, असे नंतर तज्ज्ञांनी मांडले. ऑगस्ट सरता सरता ताप आणि गाठी असलेले रुग्ण दिसू लागले.

३/ त्याआधी भारतात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला होता तो १९६६ साली. मधल्या काळात या रोगावरील पाळत सैल झाली. न दिसणाऱ्या शत्रूसाठी पहारेकरी पोसणे कोणत्याही सरकारला जड जाते. त्यात आपलेच सरकार वेगळे होते असे नाही.

४/ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गणेशोत्सव संपता संपता, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. तापीच्या पुराचा चिखल अजून वस्त्यांत होता. यंत्रमाग आणि हिरे यांवर पोट असलेले लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. त्यांत खानदेशातील मजूरही होते. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली. काही देशांनी भारताची विमाने थांबवली. मृत्यू पन्नासच्या आसपास. हानी मात्र त्या आकड्यात मावत नाही.

५/ एक खुलासा. मामल्याचा रोगच सुरतेला पोहोचला, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. हा प्लेगच होता का, यावरही पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. पण हा वाद इतका लांबावा, यातच खरी उणीव दिसते. वेळेवर नमुने घेणारी, तपासणारी आणि निष्कर्ष वर कळवणारी सलग साखळीच देशात नव्हती.

६/ प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. १९९७-९८ मध्ये पाच जिल्ह्यांत संसर्गजन्य रोगांच्या पाळतीचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि पुढे शंभराहून अधिक जिल्ह्यांत पोहोचला. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प’ आला. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता.

७/ त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. तीन नमुने: ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’. उपकेंद्रातील आरोग्यसेविका केवळ लक्षणे नोंदवते: ताप, खोकला, जुलाब, कावीळ. डॉक्टर संशयित रोगाचे नाव लिहितो. प्रयोगशाळा खात्री देते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून आकडे गावाकडून जिल्ह्याकडे, तेथून राज्याकडे आणि दिल्लीकडे जातात. आरोग्यसेविकेच्या नमुन्यात एक जागा मला फार मोलाची वाटते: नेहमीच्या कोणत्याही चौकटीत न बसणाऱ्या, मृत्यू ओढवणाऱ्या लक्षणांसाठीची. निदान माहीत नसतानाही ‘येथे काही विपरीत घडते आहे’ असे सांगण्याची ती सोय.

८/ आता मूल्यमापन. २००८ साली या यंत्रणेने देशभरात ५५३ उद्रेक नोंदवले, २००९ मध्ये ७९९, २०१० मध्ये ९९० आणि २०११ मध्ये १,६७५. वरवर पाहता देशाचे आरोग्य तीन वर्षांत तिपटीने ढासळले! वास्तविक रोगराई तितकी वाढली नव्हती. वाढले होते नोंदवणे. पाळतीच्या आकड्यांत इतिहासाचा अभ्यासक नेमका येथे फसतो. ज्या जिल्ह्यातून शून्य येते तो निरोगी असतो की मुका, हे त्या शून्यावरून कळत नाही. १८९६ च्या मुंबई प्लेगमधील नोंदी वाचतानाही हाच प्रश्न मनात ठेवावा लागतो.

९/ उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या. सोमवारी सुरू झालेली साथ साप्ताहिक आकड्यांत चढून दिल्लीला दिसेपर्यंत आठवडा उलटून जातो. आणि बहुसंख्य रुग्ण प्रथम खासगी डॉक्टरकडे जातात. तेथून येणारी माहिती तुटपुंजी. वृत्तपत्रांतील बातम्या चाळण्यासाठी २००८ मध्ये स्वतंत्र कक्ष उघडावा लागला, ही एका अर्थी यंत्रणेने स्वतःच दिलेली कबुली होय.

१०/ निपाहची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. २००१ च्या आरंभी सिलिगुडीत अनोळखी तापाने ६६ जणांना गाठले, ४५ दगावले. तो निपाह होता हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मे २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडमध्ये मात्र निदान काही दिवसांत झाले. एकाच घरातील दुसरा तरुण तशाच लक्षणांनी आला तेव्हा खासगी रुग्णालयातील डॉक्टरांना शंका आली. नमुने मणिपालला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले.

११/ पण त्याच घरातील पहिला रुग्ण काही दिवस आधीच दगावला होता, कोणताही नमुना न घेतला जाता. पुढे ज्यांना लागण झाली त्यांतील बहुतेकांना ती रुग्णालयांतच झाली. साप्ताहिक तक्त्यात तो पहिला मृत्यू उठून दिसला नव्हता. ५ एप्रिल २०२१ पासून ३३ रोगांची दैनंदिन, संगणकीय नोंद घेणारा नवा मंच देशभर सुरू झाला आहे. नोंद आता उपकेंद्रातून थेट चढते. पण खासगी डॉक्टरकडे गेलेला रुग्ण त्यात किती वेळा उमटतो, हा २००४ चाच प्रश्न आजही तेथेच उभा आहे.