चाकांवरचं गाव आणि त्याच्या चालीरीती



'रॅली' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? झेंडे, लाउडस्पीकर, घोषणा आणि दोन तास तुंबलेला ट्रॅफिक. आज मी ज्या रॅलीबद्दल बोलणार आहे, तिथे लोक घोषणा द्यायला जमत नाहीत. ते राहायला जमतात. तेही स्वतःचं घर गाडीमागे ओढत आणून.

विषय आहे अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरवाल्यांचे क्लब. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे कारच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, बहुतेकांत संडाससुद्धा. अशी शंभर-दोनशे घरं एका मैदानात येतात, चार-आठ दिवस राहतात आणि निघून जातात. मागे उरतं फक्त दबलेलं गवत.

मला यात सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते एका गोष्टीचं. गावात आपण कसं वागायचं हे शिकायला पिढ्या जातात. कुणाच्या अंगणातून जायचं नाही, कुणाच्या घरी न विचारता शिरलं तरी चालतं, हे आपोआप कळत जातं. पण जे गाव शुक्रवारी वसतं आणि रविवारी उठतं, त्याच्या चालीरीती कुठून येतात? आणि त्या कुणासाठी असतात?

एक शर्ट आणि वीस डॉलरची नोट

गोष्ट सुरू होते फ्लोरिडा राज्यातल्या टँपा शहरात. साल १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीमुळे मोटार ही श्रीमंतांची चैन राहिलेली नव्हती. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली साधी माणसं गाडीवर तंबू बांधून, डबाबंद अन्न भरून फ्लोरिडाच्या उन्हात हिवाळा काढायला येऊ लागली. टँपाच्या डी सोटो पार्कमध्ये त्यांचा तळ पडायचा. तिथेच त्यांनी एक संघटना काढली : टिन कॅन टुरिस्ट्स. आपल्या भाषेत सांगायचं तर 'डबेवाले प्रवासी'.

ही मंडळी आली की स्थानिकांना आनंद व्हायचा असं समजू नका. हॉटेलात न उतरणारा, स्वतःचं अन्न स्वतः आणणारा पाहुणा कुणाला हवा असतो? त्यांच्याबद्दल एक टोमणा प्रसिद्ध होता : हे लोक एक शर्ट आणि वीस डॉलरची नोट घेऊन येतात आणि हिवाळाभर ना शर्ट बदलतात, ना नोट मोडतात.

म्हणजे लोकांच्या नजरेत हे फुकटे आणि अस्वच्छ. आता या माणसांनी जे नियम केले ते बघा. कॅम्प स्वच्छ ठेवायचा. एकमेकांशी मैत्रीने राहायचं. वागणूक सभ्य हवी. करमणूक घरच्यांबरोबर बसून करता येईल अशी हवी. मला वाटतं, हे नियम म्हणजे त्या टोमण्याला दिलेलं उत्तर होतं. 'आम्ही भटके नाही, आम्ही शेजारी आहोत,' हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

आणि नियमांच्या जोडीला विधीही होते. नव्या सदस्याला गुप्त हस्तांदोलन, खूण आणि परवलीचा शब्द शिकवायचे. मग सगळ्यांनी मिळून ठरलेलं गाणं म्हणायचं, की झाला तो सदस्य. ओळख पटावी म्हणून गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर टिनचा डबा लावलेला असायचा. ज्या डब्यावरून लोक हसत होते, तोच यांनी बिल्ल्यासारखा मिरवला!

पुढे तंबूंची जागा हळूहळू ट्रेलरनी घेतली. आणि गंमत म्हणजे, तीसच्या दशकात फ्लोरिडातली सॅरासोटासारखी शहरं या डबेवाल्यांचं हिवाळी संमेलन आपल्याकडे भरवू लागली.

चांदीच्या रंगाचा तांडा

आता दुसरं पात्र. वॉली बायम. जन्म १८९६, ऑरेगॉन राज्यात. यानेच एअरस्ट्रीम कंपनी उभी केली. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटनी जोडून विमानाच्या पोटासारखा गोलसर, चकचकीत ट्रेलर. १९३६ मध्ये त्याचं 'क्लिपर' मॉडेल आलं. आजही तो आकार पाहिला की ओळखू येतो.

पण बायमची खरी हौस होती लोकांना एकत्र घेऊन फिरण्याची. १९५१ मध्ये त्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत ट्रेलरचा तांडा नेला. ६३ ट्रेलर निघाले. रस्ते म्हणजे काही ठिकाणी नुसती वाट. गाड्या मोडल्या, माणसं कंटाळली आणि बहुतेक ट्रेलर शेवटापर्यंत पोहोचलेच नाहीत. तरी पुढच्या वर्षांत तांडे निघतच राहिले. १९५५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, केंटव्हिल इथे, अशाच एका तांड्यातल्या लोकांनी वॉली बायमच्या नावाने क्लब स्थापन केला. तो आजही चालू आहे, आता नाव 'एअरस्ट्रीम क्लब इंटरनॅशनल'.

१९५९-६० मध्ये ४१ ट्रेलर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप टाउनहून निघाले आणि थेट कैरोपर्यंत गेले. वाटेत इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी यांनी त्यांचं स्वागत केलं. बायम १९६२ मध्ये गेला. त्यानंतर १९६३-६४ मध्ये क्लबचा जगप्रवासाचा तांडा सिंगापूरहून निघून युरोपकडे गेला आणि त्याची वाट आपल्या भारतातूनही होती.

आता विचार करा. एवढी घरं, एवढी माणसं, परका देश, परकी भाषा. संध्याकाळी दमून मुक्कामावर पोहोचल्यावर कोण कुठे उभं राहणार यावरच भांडण होऊ शकतं. म्हणून रीत हवी.

नंबर, टोपी आणि चाकाचा आकार

या क्लबच्या तीन रीती सगळ्यात ठळक आहेत.

पहिली, लाल नंबर. प्रत्येक सदस्याला एक क्रमांक मिळतो आणि तो मोठ्या लाल आकड्यांत ट्रेलरच्या पुढे आणि मागे लावायचा. वारीत दिंडीला क्रमांक असतो, तसंच काहीसं. फायदा काय? क्लबची एक यादी असते. हायवेवर समोरून जाणारा नंबर बघायचा, यादीत शोधायचा, की कळतं हे कोण आणि कुठले. पुढच्या पेट्रोल पंपावर नावाने हाक मारता येते. सोशल मीडिया येण्याच्या कितीतरी आधीचं हे प्रोफाइलच म्हणा ना.

दुसरी, निळी टोपी. बायम स्वतः बेरे नावाची चपटी गोल टोपी घालायचा. क्लबने तिचा निळा रंग ठरवला आणि रॅलीत ती गणवेशासारखी झाली. टोपीवर जुन्या रॅलींचे बिल्ले. कोण नवखा आणि कोण मुरलेला, हे बिल्ल्यांवरून समजतं.

तिसरी रीत माझ्या सगळ्यात आवडीची. ट्रेलर लावण्याची पद्धत. मधे मोकळी जागा ठेवून चाकाच्या आऱ्यांसारखे सगळे ट्रेलर गोलात लावायचे. अमेरिकेत पश्चिमेकडे जाणारे जुने वसाहतवाले रात्री बैलगाड्यांचा गोल करायचे, मुख्यतः गुरं पळू नयेत म्हणून, त्याची ही आठवण. पण गोलाचा अजून एक परिणाम होतो. गोलात पुढची रांग नसते आणि मागचीही नसते. महागडा ट्रेलर असो की जुना, मधल्या शेकोटीपासून अंतर सारखंच.

मागे घेताना बोलू नका

या झाल्या दिसणाऱ्या रीती. पण रॅलीत खरी परीक्षा होते ती छोट्या शिष्टाचारांत.

मैदानात आलात की आपली जागा आपण निवडायची नसते. पार्किंग करवून घेणारे स्वयंसेवक असतात, ते दाखवतील तिथे जायचं. ट्रेलर रिव्हर्स घेणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे, कारण मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. अशा वेळी चार जण चार बाजूंनी 'येऊ द्या, येऊ द्या' करू लागले तर संपलंच. म्हणून नियम : इशारे एकानेच करायचे, बाकीच्यांनी बघत बसायचं. आणि हसायचं नाही.

त्याहून कडक नियम म्हणजे, कुणी ट्रेलर गाडीला जोडत किंवा सोडत असेल तर त्याच्याशी गप्पा मारायला जायचं नाही. कारण साधं आहे. जोडण्याचे टप्पे ठरलेले असतात : बॉलवर सांधा बसवणं, खिट्टी लावणं, सुरक्षेच्या साखळ्या अडकवणं, दिव्यांची वायर जोडणं. मधेच कुणी 'मग, आता पुढे कुठे?' विचारलं आणि एक टप्पा राहिला, तर हायवेवर ट्रेलर सुटू शकतो. म्हणजे इथे न बोलणं हीच आपुलकी.

मग बाकीचे. दुसऱ्याच्या जागेतून शॉर्टकट मारायचा नाही, त्याचं सांडपाणी असो की खुर्च्या, ते त्याचं अंगण. जनरेटर ठरलेल्या वेळेतच, रात्री शांतता. भांडी-आंघोळीचं पाणी आणि संडासाचं पाणी वेगवेगळ्या टाक्यांत साठतं, ते नेमून दिलेल्या जागीच सोडायचं. पडदे ओढलेले असतील तर दार वाजवायचं नाही. आणि माणूस बाहेर खुर्ची टाकून बसला असेल तर खुशाल जायचं, तो गप्पांची वाटच बघतोय. संध्याकाळी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं.

बघा, यातला एकही नियम विचित्र नाही. पातळ भिंतींच्या चाळीत राहिलेल्या कुणालाही हे कळेल. जिथे भिंती पातळ, तिथे माणसांना एकमेकांसाठी थोडं दार लोटून घ्यावं लागतं.

गोलाच्या बाहेर कोण?

आता जरा अवघड भाग. कारण गोल जसा आतल्यांना जवळ आणतो, तशी त्याची पाठ बाहेरच्यांकडे असते.

टिन कॅन टुरिस्ट्स ज्या फ्लोरिडात जमायचे, तिथे त्या काळी कायद्यानेच वर्णभेद होता. गोऱ्यांच्या बागा वेगळ्या, किनारे वेगळे, मुक्कामाच्या जागा वेगळ्या. 'आम्ही सगळे प्रवासी भाऊ-भाऊ' असं गाणाऱ्या त्या तळावर एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाने गाडी लावणं शक्य नव्हतं, मग त्यांच्या गाडीवर कितीही टिनचे डबे असोत. त्याच अमेरिकेत १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने 'ग्रीन बुक' काढायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे जेवण मिळेल, कुठे रात्र काढता येईल, याची ती यादी होती. म्हणजे एकाच काळात, एकाच रस्त्यांवर दोन प्रकारच्या याद्या लागत होत्या. एका यादीची गरज मैत्री वाढवायला, दुसरीची सुखरूप घरी पोहोचायला. सार्वजनिक जागांमधला हा भेद कायद्याने बंद व्हायला १९६४ साल उजाडलं.

आणि सवयी कायद्याइतक्या लवकर बदलत नाहीत. १९९३ मध्ये कृष्णवर्णीय ट्रेलर आणि मोटरहोमवाल्यांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना काढली, नॅशनल आफ्रिकन अमेरिकन आरव्हीअर्स असोसिएशन. त्यांच्याही रॅली भरतात. त्यांनी नवीन गोल का आखला असेल, हे समजायला फार डोकं लागत नाही.

मला यातली सर्वात बोचणारी गोष्ट ही वाटते : ज्या डबेवाल्यांना शहरवाले नाक मुरडत होते, त्यांना परकेपणा काय असतो हे पक्कं माहीत होतं. त्यांनी त्यावर इलाज शोधला, शिष्टाचाराचा. पण तो इलाज स्वतःसारख्यांपुरताच ठेवला.

दार उघडं

टिन कॅन टुरिस्ट्स मधल्या काळात विझत गेले. १९९८ मध्ये मिशिगन राज्यात जुन्या ट्रेलरच्या शौकिनांनी ते नाव पुन्हा जिवंत केलं. आता तिथे कुठल्याही कंपनीचा ट्रेलर चालतो. आणि त्यांच्या मेळाव्यांत एक सुंदर रीत आहे : ओपन हाउस. ठरलेल्या वेळी ट्रेलरवाले आपापली दारं उघडून ठेवतात आणि आसपासच्या गावातले अनोळखी लोक रांगेने आत येऊन बघतात. जुनी शेगडी, जुने पडदे, घडीचा पलंग. बघणाऱ्याने हात लावायच्या आधी विचारायचं. दाखवणाऱ्याने तोच प्रश्न पन्नासाव्यांदा आला तरी पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर द्यायचं.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे गाव संशयाने बघायचं, त्यांच्या घरात आज गाव चहाड्या न करता फिरून येतं. गुप्त हस्तांदोलनापासून उघड्या दारापर्यंतचा हा प्रवास मला आफ्रिकेच्या त्या तांड्यापेक्षाही लांबचा वाटतो.

आपल्याकडेही आता कॅम्पिंग वाढतंय, व्हॅनमधून फिरणारे वाढताहेत. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या मैदानात तंबू टाकलात, तर दोन गोष्टी बघा. आपल्या आवाजाने शेजारच्याची झोप मोडत नाही ना? आणि आपण जो गोल करून बसलोय, त्यात एक खुर्ची रिकामी आहे ना?

तुमच्या ग्रुपचे प्रवासातले न लिहिलेले नियम काय आहेत, मला नक्की कळवा. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, फिरत राहा!