दाराबाहेरची माणसं

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. मी एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळीची सुरक्षा सुपरवायझर आहे. टीममध्ये नवी मुलं-मुली आली की लाठी हातात देण्याआधी मी त्यांना हा प्रसंग सांगते. आमच्या कामात जे पुढे घडत गेलं, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

त्याआधी महिनाभर, सप्टेंबरात, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिका आयुक्त स्नो यांनी रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. मग पालिकेची माणसं घरात शिरून रोगी शोधू लागली. ज्याला उचलून नेलं, तो बहुधा परत यायचा नाही. आत त्याचं काय झालं, पाणी कोणी पाजलं, शेवटी जवळ कोण होतं, हे घरच्यांना कळायला मार्गच नव्हता. तेव्हा शहरभर अफवा उठली की आत माणसं मारतात आणि मढ्यांतून तेल काढतात. ज्या दाराआडून बातमी येत नाही, त्या दाराबद्दल लोक वाटेल ते खरं मानतात. गिरण्यांतली माणसं तेच मनात घेऊन आली होती.

हल्ल्यानंतर सक्ती सैल झाली. पुढे वेगवेगळ्या जातिजमातींना आपापली प्लेग रुग्णालयं काढू दिली गेली. तिथे ओळखीची माणसं असत, नातेवाइकाला रोग्याजवळ जाता येई, खाणंपिणं आपल्या रीतीचं मिळे. विरोध संपला असं नाही, मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली. पण ज्या रुग्णालयात घरच्यांना शिरकाव होता, तिथे लोक आपल्या पायांनी रोगी घेऊन येऊ लागले. शहराने हा धडा तेव्हा शिकून घेतला होता. आर्थर रोडचं ते रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून उभं आहे.

राखणदारीचा आमचा धंदा मात्र वेगळ्या वाटेने आला. गावाची रात्रीची राखण रामोशी करत. पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यांवरही रामोशी पहारेकरी असत. मुंबईत पेढ्या, गोदामं, चाळी यांच्या दाराशी भय्या, पठाण, पुढे गुरखा बसू लागला. हा सगळा पहारा मालमत्तेचा. सूर्य मावळला की दार लावायचं, अनोळखी माणूस हटकायचा. रुग्णालयात हे चालत नाही. आमच्याकडे रात्री येणारा प्रत्येकजण अनोळखी असतो आणि प्रत्येकाला आत यायचंच असतं.

आणि धोका नेहमी बाहेरूनच येतो असंही नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तळघरात हल्ला झाला. हल्लेखोर तिथलाच सफाई कामगार होता. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला, आणि केईएमच्या सिस्टर्सनी १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे अरुणाताईंच्या शेवटच्या श्वासापर्यंत, त्यांची सेवा केली. या घटनेतलं 'दुसऱ्या दिवशी सकाळी' हे नुसते तीन शब्द नव्हेत, ती अख्खी एक रात्र आहे. म्हणून माझा राऊंड गेटापासून सुरू होत नाही. तळघर, लिनन रूम, एक्स-रेच्या मागचा बोळ, सिस्टर्सची चेंजिंग रूम, रेसिडेंट डॉक्टर पाठ टेकतात ती खोली, हे आधी. गेट शेवटी.

१९८१ मध्ये महाराष्ट्राने खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला आणि सुरक्षारक्षक मंडळं आली. एजन्सीच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा यांची वाट त्यातून खुली झाली. हा कायदा मला मोलाचा वाटतो. ज्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याची खात्री नाही, त्याच्याकडून दुसऱ्याच्या जिवाची राखण मागणं अन्याय आहे. आजही कंत्राट बदललं की शिकवून तयार केलेली माणसं निघून जातात आणि दारावर पुन्हा नवखा उभा राहतो.

१२ सप्टेंबर १९९२ च्या पहाटे जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात घुसून विरोधी टोळीच्या मारेकऱ्यांनी तिथे उपचार घेत असलेल्या शैलेश हळदणकर या गुंडाला गोळ्या घातल्या. पहाऱ्यावरचे दोन पोलीस त्यात गेले. बंदुकीपुढे लाठीचं काही चालत नाही, हे त्या पहाटे सगळ्यांना कळलं.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याची रात्र. कामा रुग्णालय १८८६ पासून बायका-मुलांसाठी चाललेलं, एडिथ पेची यांच्यासारख्या स्त्री डॉक्टरांनी उभं केलेलं. त्या रात्री सीएसटी स्थानकावरून निघालेले दोन अतिरेकी मागच्या गल्लीतून कामा रुग्णालयात शिरले. बबन उघडे आणि भानू नारकर हे तिथले दोन पहारेकरी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या हातात प्रतिकार करण्यासारखं काही नव्हतं. वर प्रसूती वॉर्डात सिस्टर अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. त्यांनी वॉर्डाची जड दारं लावली, वीस गर्भवतींना टोकाच्या पँट्रीत नेलं, आणि एकीच्या कळा वाढल्या तेव्हा भिंतीच्या कडेने तिला प्रसूतिगृहात पोचवलं. पुढे त्या दोघांपैकी जिवंत पकडलेल्या कसाबसमोर साक्ष द्यायला त्या आपल्या नर्सच्या गणवेशातच गेल्या. आमच्या फॉलिनमध्ये, म्हणजे पाळीच्या हजेरीला, उघडे आणि नारकर यांची नावं मी मुद्दाम घेते. कामा रुग्णालयातल्या शौर्याची गोष्ट सांगताना दारावरची माणसं राहून जाऊ नयेत.

बंद दाराने त्या रात्री माणसं वाचवली. पण ८ जानेवारी २०२१ च्या रात्री, मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. आग लागली तर दार क्षणात उघडलं पाहिजे. म्हणून आमच्याकडे आपत्कालीन जिन्याची चावी ऑफिसच्या कपाटात राहत नाही, त्या मजल्यावरच्या रक्षकाच्या कमरेला असते. चावी कोणाकडून कोणाकडे गेली, ते रजिस्टरवर सहीनिशी लिहिलं जातं.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये राज्यात कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीची दुप्पट भरपाई. त्याचा फलक कॅज्युअल्टीच्या दारावर लागला. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभरचे रेसिडेंट डॉक्टर कामापासून दूर राहिले, आणि शासनाने १,१०० सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं. रक्षक हवेतच. पण पहाटे तीनला ज्याच्या भावाला आत नेलंय, तो माणूस फलक वाचत नाही.

त्या माणसासाठी आमची रीत ठरलेली आहे. घोळक्यातला एक वयस्क, ऐकणारा माणूस निवडायचा. "काका, तुम्ही माझ्याबरोबर या, मी तुम्हाला डॉक्टरांपाशी नेते," म्हणायचं आणि खरंच न्यायचं. काही नवं कळलं नसेल तरी थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगायचं, "अजून उपचार चालू आहेत." वाईट निरोप द्यायचा असेल तर सिस्टर आधी आम्हाला खुणावते. मग घरच्यांना बाजूच्या खोलीत बसवायचं, पाणी द्यायचं. डॉक्टर बोलत असताना दोघांनी दाराशी थांबायचं, मधे उभं राहायचं नाही. रडणाऱ्याला "आवाज कमी करा" म्हणायचं नाही. हात मात्र डॉक्टरवर उठला तर तो तिथेच धरायचा, त्यात दयामाया नाही. असं केलं की बहुतेक रात्री हात उठत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. रात्रीची आडबाजूची खोली, आणि जिथे कोणी हटकत नाही असा वावर असलेला माणूस. १९७३ नंतर अर्धशतक उलटलं तरी तेच. देशभर पुन्हा कॅमेरे आणि गार्ड वाढवण्याची मागणी झाली, आणि ती योग्यच आहे.

माझी मागणी त्यात भर घालते. प्रत्येक कॅज्युअल्टीच्या बाहेर नातेवाइकांसाठी एक खोली, आणि रात्रभर त्यांना बातमी देणारा एक माणूस नेमावा. रक्षकाला लाठीबरोबर बोलण्याचंही शिक्षण द्यावं, आणि शिकलेल्या रक्षकाला त्याच दारावर टिकू द्यावं. आर्थर रोडवर आलेले हजार लोक प्लेगला जितके घाबरले होते, तितकेच आतून काहीच कळत नाही म्हणून पेटले होते. रुग्णालयाच्या सुरक्षेचा खर्च मोजताना सरकारने त्या बातमीचा खर्चही मोजला पाहिजे.