अस्सल बरहुकूम नक्कल



जमिनीच्या जुन्या कागदांची नक्कल मिळायची, तिच्यावर दोन सह्या असायच्या. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे मूळ कागदाशी ताडून पाहणे. हाताने उतरवताना चूक होते, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

मग यंत्र आले. न्यूयॉर्कच्या चेस्टर कार्लसनला पेटंटच्या कामात कागदांच्या नकला सारख्या लागायच्या. त्याने घरच्या स्वयंपाकघरातच प्रयोग मांडले. २२ ऑक्टोबर १९३८ला त्याची पहिली प्रत उमटली. १९५९ साली ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र आले आणि पुढे आपणही ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणू लागलो.

स्कॅनरची गोष्ट वेगळी. तो कागदाचे बारीक ठिपके करून साठवतो. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्शने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो असा पहिल्यांदा स्कॅन केला. एका बाजूला ठिपके होते फक्त १७६.

यंत्र चुकत नाही, असे आपण धरून चालतो. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी एका घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ अशी होती. प्रतीत तिन्हींवर १४.१३! जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे आकडे एकच समजून छापत होते. छपाई मात्र स्वच्छ होती, म्हणून चूक सहज लक्षात येत नव्हती. कंपनीला यंत्रांत दुरुस्ती द्यावी लागली.

आता आपल्या बचत गटात कुणाकडे प्रिंटर असतो. सातबारा, मोजणीचा नकाशा घरीच छापता येतो. तेव्हा तीन गोष्टी करा. स्कॅन ३०० डीपीआयवर घ्या. नकाशाशेजारी काचेवर एक पट्टीही ठेवा. छापताना ‘फिट टू पेज’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ म्हणजे १०० टक्के निवडा. नकाशा कागदापेक्षा मोठा असेल तर तुकड्यांत छापा. मग छापलेली पट्टी खऱ्या पट्टीला लावून पाहा.

कारण प्रत ९५ टक्के झाली, तर २० सेंटिमीटरची रेघ १९ होते. नकाशात १ सेंटिमीटरला १० मीटर असे प्रमाण असेल, तर तुमचा बांध कागदावर १० मीटर आखूड झाला!

शेवटी रुजवात. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसरीने प्रतीवर बोट ठेवावे. नाव, गट नंबर, हेक्टर, आर, एकेक आकडा. कोर्टकचेरीत घरी काढलेली साधी प्रत सहसा पुरत नाही. पण सही करण्याआधी बाईच्या हातात असतो तो बहुधा हाच घरचा कागद. तो अस्सल बरहुकूम असू द्या.