पडद्याआडचा सैनिक

युद्धातील शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उपसलेला घोडेस्वार उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शैलेंद्र एकनाथ सुकथनकर यांच्या हाती होती पेन्सिल! हे आडनाव महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे पुष्कळांच्या परिचयाचे आहे; परंतु या सुकथनकरांची पोथी निराळी, आकाशातली. ब्रिटिश हवाई दलाच्या लँकास्टर या बाँबफेकी विमानात ते नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाची वाट ठरविणारे होते.

लँकास्टरला चार इंजिने आणि सात माणसे. वैमानिक पुढे पाहतो, मशीनगनवाले पाठ राखतात. नॅव्हिगेटर मात्र पडद्याआड, टेबलाशी. दिव्याची तिरीप बाहेर जाऊ नये म्हणून तो पडदा. खाली सारा मुलूख दिवे मालवून बसलेला. वारा विमानाला किती आणि कोणीकडे ढकलतो आहे, याचा हिशेब त्याने दर काही मिनिटांनी करावयाचा. साठ मैलांत एका अंशाची चूक झाली तर विमान मैलभर बाजूला जाते. अंधारात मेहकरला निघालेला माणूस भलत्याच शिवारात शिरावा, तसे. तेवढ्यात तोफांचे गोळे फुटतात, शत्रूचे विमान पाठीस लागते, वैमानिक एकदम खाली सूर मारतो. त्या धांदलीतही पडलेली पेन्सिल शोधून गणित पुन्हा मांडावयाचे. हात कापला तर सातही जणांची वाट चुकली. हे शौर्य घोडेस्वाराच्या शौर्याहून कमी प्रतीचे, असे मी तरी मानीत नाही.

30 मोहिमा झाल्या की सामान्यतः एक पाळी संपे. सुकथनकरांनी 45 केल्या. बाँबर कमांडच्या सुमारे 1,25,000 विमानसैनिकांपैकी 55,573 मृत्युमुखी पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये आपल्या विदर्भात, चिमूर-आष्टीला, लोक इंग्रजी सत्तेच्या गोळ्यांना बळी पडत होते. त्याच सत्तेच्या विमानात बसलेल्याचा गौरव कशाला? शिवाय 1943 त हॅम्बुर्गमध्ये बाँबांखाली हजारो बायकामुलेही होरपळली. दोन्ही गोष्टी खऱ्याच. परंतु समोर हिटलर होता, हेही खरे. चिमूरचे हुतात्मे आणि सुकथनकर एका तराजूत घालू नयेत. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याला विसरणे मात्र मला कद्रूपणाचे वाटते.

त्यांच्या 45 पैकी 14 मोहिमा ज्या विमानातून झाल्या, ते आर 5868 क्रमांकाचे लँकास्टर लंडनमध्ये हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. त्याच्या नाकाडाशी प्रत्येक मोहिमेची एकेक खूण रंगविलेली आहे. त्या रांगांतल्या 14 खुणा सुकथनकरांच्याही आहेत.