मॉर्मन पंथ आणि यंत्रयुग

सन १९२९ च्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी या नगरांत, टॅबरनॅकल नांवाच्या विशाल प्रार्थनागृहांत, एकोणीस वर्षांचा एक तरुण उंच शिडीवर चढून उभा होता. त्याच्या पुढ्यांत मोठा गायकवृंद होता, गायकांच्या मागें प्रचंड ऑर्गनच्या नळ्या होत्या, आणि वरून टांगलेला एकच ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडाशीं आला होता. गायनहि त्याच एका यंत्रानें टिपावयाचें आणि निवेदनहि त्याच्यांतच करावयाचें, असा प्रसंग होता. म्हणून टेड किंबॉल हा निवेदक शिडीच्या टोंकाशीं उभा राहून पुढच्या गीताचें नांव सांगे आणि गीत चालू असेपर्यंत तेथेंच निःशब्द उभा राही. त्या दिवशीं देशभर ऐकूं गेलेला हा साप्ताहिक कार्यक्रम अद्याप चालू आहे. अखंड चालत आलेल्या नभोवाणी-कार्यक्रमांत इतका जुना कार्यक्रम विरळाच.

ज्या पंथाचा हा गायकवृंद, त्या मॉर्मन पंथाचे लोक विजेचा दिवा लावीत नाहींत, मोटारींत बसत नाहींत, घोड्याच्या गाडीखेरीज दुसरें वाहन त्यांस वर्ज्य असतें, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. आणि नवल हें कीं, खुद्द अमेरिकेंतहि ती दुर्मिळ नाहीं. वस्तुतः हें वर्णन अमिश नांवाच्या एका निराळ्याच पंथाचें आहे. सन १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड व आल्सास या भागांतील मेनोनाईट मंडळींत फूट पडली आणि याकोब अम्मान याच्या मागें जे गेले ते अमिश होत. अठराव्या शतकांत ते पेन्सिल्व्हेनियांत येऊन वसले; म्हणजे मॉर्मन पंथ जन्मास आला तेव्हां अमिश लोकांस तेथें शेती करूं लागून सुमारें शंभर वर्षें लोटलीं होतीं. काळ्या छपराची घोडागाडी आणि घरांत वीज घेण्यास नकार हीं लक्षणें त्यांचीं. त्यांच्याविषयींहि लोकांची कल्पना थोडी भाबडीच आहे. यंत्र पापी आहे असें अमिश मानीत नाहींत. तें घरांत आलें म्हणजे शेजाऱ्याची गरज उरेल काय, हा प्रश्न त्यांची प्रत्येक मंडळी स्वतंत्रपणें विचारते आणि त्याप्रमाणें नियम ठरविते. कित्येक ठिकाणीं टेलिफोन घरांत नसतो, पण चारपांच कुटुंबांत मिळून तो शेताच्या कडेच्या खोपट्यांत असतो!

मग ही सरमिसळ झाली कशी? मॉर्मन लोक दारू, तंबाखू, चहा व कॉफी यांस शिवत नाहींत. हा नियम १८३३ सालचा आहे. जो चहासुद्धां घेत नाहीं तो मोटार कशी घेईल, असें परक्यास वाटत असावें. त्यांच्या इतिहासांतील जीं चित्रें लोकांच्या डोळ्यांपुढें सदैव ठेवलीं जातात तींहि जुन्या काळचींच: बैलांचे तांडे, आणि १८५६ पासून कांहीं वर्षें गरीब स्थलांतर करणाऱ्यांनीं हातानें ओढीत नेलेल्या ढकलगाड्या. त्या पहिल्याच वर्षीं दोन तांडे हिमवर्षावांत सांपडून दोनशेंहून अधिक माणसें मृत्यू पावलीं. परंतु हातगाडी ही त्या लोकांची व्रतनिष्ठा नव्हती. बैलजोडीस पैसे नव्हते, एवढेंच तिचें कारण. शिवाय, १८९० सालीं मुख्य पंथानें बहुपत्नीत्वाची चाल बंद केल्याचें जाहीर केल्यानंतरहि ती न सोडणारे कांहीं गट फुटून निघाले. त्यांच्या बायकांचा जुन्या धर्तीचा लांब पोशाख वृत्तपत्रांतून झळकला, आणि लोकांनीं तो सगळ्याच मॉर्मनांच्या अंगावर चढविला. पंथाच्या अध्यक्षांनीं तर २०१८ सालीं ‘मॉर्मन’ हें टोपणनांवच टाकून पंथाचें संपूर्ण नांव घ्यावें असें आवाहन केलें. परंतु रूढ नांव सहसा मरत नाहीं.

या पंथाचा जन्मच मुळीं छापखान्याच्या आश्रयानें झाला. जोसेफ स्मिथ यानें न्यूयॉर्क संस्थानांत ६ एप्रिल १८३० रोजीं मंडळी स्थापिली. तत्पूर्वीं थोडेच दिवस पामायरा गांवीं ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथाच्या ५,००० प्रती छापून झाल्या होत्या. नवख्या पंथानें, पहिला अनुयायीवर्ग जमण्याच्याहि आधीं, एवढी मोठी आवृत्ति काढणें हें त्या काळीं धाडसच होतें. पुढें जेथें प्रचारक गेले तेथें छापील पत्रकें गेलीं. सन १८५२ मध्यें ह्यू फिंडले हा प्रचारक मुंबईस उतरला, पुढें पुण्यासहि गेला, आणि मराठी लोकांस उद्देशून त्यानें एक पुस्तिकाहि काढली. त्याचा प्रयत्न येथें रुजला नाहीं ही गोष्ट निराळी.

सन १८४४ मध्यें इलिनॉय संस्थानांतील कार्थेजच्या तुरुंगांत जमावानें जोसेफ स्मिथचा वध केला, आणि ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं हे लोक पश्चिमेकडील ओसाड प्रदेशांत निघाले. १८४७ च्या त्या पहिल्या तांड्यांत विल्यम क्लेटन नांवाचा एक इंग्रज कारकून होता. दिवसाकांठीं किती मैल चाललों, यावर तांड्यांत रोज वाद होई. शेवटीं क्लेटननें एका गाडीच्या चाकाचा घेर मोजला. तो चौदा फूट आठ इंच भरला, म्हणजे चाकाचे ३६० फेरे झाले कीं बरोबर एक मैल. मग एक दिवस तो चाकाशेजारून चालत राहिला आणि त्यानें ४,०७० फेरे मोजले: सवाअकरा मैल आणि वर वीस फेरे! असें काम दुसऱ्या दिवशीं करण्याची हौस कोणास उरेल? ऑर्सन प्रॅट या गणितज्ञ सहप्रवाशानें दांत्यांच्या चाकांची योजना आंखून दिली, ॲपलटन हार्मन या सुतारानें ती लांकडांत उतरविली, आणि थोड्याच दिवसांत गाडी स्वतःच मैल मोजूं लागली. त्या मोजणीवरून क्लेटननें तयार केलेली मार्गदर्शिका १८४८ सालीं सेंट लुईस येथें छापली गेली, आणि पंथाशीं कांहींएक संबंध नसलेले प्रवासीहि ती हातीं धरून पश्चिमेस गेले.

तारायंत्राच्या बाबतींतहि हाच उत्साह दिसून येतो. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांस जोडणारी तार ऑक्टोबर १८६१ मध्यें सॉल्ट लेक सिटी येथेंच जुळली. ती परक्या कंपनीची होती. तेव्हां पांच वर्षांनीं मॉर्मनांनीं आपली स्वतंत्र तार घातली. तार पूर्वेकडून बैलगाड्यांवर लादून आणली, खांब गांवोगांवच्या लोकांनीं तोडून रोंवले, आणि तारायंत्र चालविण्यास प्रत्येक वस्तींतून मुलांमुलींस शिकवून तयार केलें. डिसेंबर १८६६ मध्यें संदेश जाऊं लागले, आणि पुढच्या वर्षारंभीं दक्षिणेकडील सेंट जॉर्जपर्यंत तार पोंचली. ही डेझरेट टेलिग्राफ संस्था १९०० पर्यंत पंथाच्या हातीं होती.

परंतु खरी कसोटी लागली ती आगगाडीच्या वेळीं. मॉर्मनांचे शत्रु या आगगाडीची आतुरतेनें वाट पाहत होते. डोंगर आणि वाळवंट यांच्या आड दडलेला हा बहुपत्नीक पंथ रूळ पोंचतांच, फौजेवांचून, आपोआप विरून जाईल असें पूर्वेकडील कित्येक वृत्तपत्रकर्त्यांस व राजकारण्यांस वाटत होतें. आगगाडीनें येणारे व्यापारी, सुधारक आणि फॅशनचे कपडे ब्रिगहॅम यंगचें राज्य उलथून टाकतील, हा त्यांचा हिशेब. जो धर्म एका आगगाडीपुढें टिकत नाहीं तो फारच दुबळा धर्म म्हणावा लागेल, अशा आशयाचे यंगचे उद्गार सांगितले जातात. तो नुसता बोलून थांबला नाहीं. १८६८ सालीं त्यानें युनियन पॅसिफिक कंपनीकडून यूटांतील मार्गाची खोदाई व भराई करण्याचा मक्ताच घेतला आणि हजारों अनुयायी त्या कामावर लावले. बाहेरचे मजूर कमी यावेत आणि दुष्काळांत आपल्या माणसांस मजुरी मिळावी, असा त्याचा दुहेरी हेतु होता.

त्यांत त्याची फसगतहि झाली. मार्ग सॉल्ट लेक सिटीवरून जावा म्हणून त्यानें पुष्कळ खटपट केली, परंतु कंपनीनें तो सरोवराच्या उत्तरेकडून नेला. १० मे १८६९ रोजीं प्रॉमंटरी येथें दोन्हीकडचे रूळ जुळले तेव्हां यंग त्या समारंभास हजर नव्हता. मक्त्याची मोठी रक्कम कंपनीनें थकविली. शेवटीं तडजोड होऊन पैशाच्या मोबदल्यांत रूळ आणि गाड्या घ्याव्या लागल्या. त्याच सामानावर मॉर्मनांनीं ऑग्डेनपासून आपल्या राजधानीपर्यंत स्वतःचा लोहमार्ग बांधला, आणि जानेवारी १८७० मध्यें त्याचा शेवटचा खिळा यंगनें आपल्या हातानें ठोकला.

याच दोन वर्षांत यंगनें आणखी दोन गोष्टी केल्या, आणि त्या पाहिल्यावांचून या लोकांचें यंत्रविषयक धोरण नीट उमगत नाहीं. परक्या व्यापाऱ्यांकडे पैसा जाऊं नये म्हणून १८६८ सालीं त्यानें पंथाची मोठी सहकारी पेढी उभारली. आणि १८६९ च्या नोव्हेंबरांत आपल्या मुलींस एकत्र बसवून, कपड्यालत्त्यांतील डौल सोडून देण्यासाठीं त्यांची एक संस्था काढली. म्हणजे आगगाडी हवी, पण तिच्यांतून उतरणारा व्यापारी आणि झालरीचा झगा नको! या धोरणास कोणी हटवादी म्हणेल, कोणी सत्तालोभीहि म्हणेल, आणि यंगच्या ठायीं सत्तेची हांव होती हें नाकारण्यांत अर्थ नाहीं; पण त्यास यंत्रद्वेष म्हणतां येणार नाहीं. अमिश विचारतो कीं, यंत्रानें शेजारधर्माचें काय होईल. मॉर्मन पुढाऱ्यांनीं विचारलें तें हें कीं, यंत्र कोणाच्या हातीं राहील. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां नकार असतें. दुसऱ्याचें उत्तर बहुधा स्वतःची तार, स्वतःचा रूळ असें येतें. यांत धर्मतत्त्वाचाहि आधार होता: चैतन्य हेंहि सूक्ष्म जडद्रव्यच होय असें जोसेफ स्मिथ शिकवी, आणि शोधकाची बुद्धि ईश्वरप्रेरित असते असें यंग सांगे. जड आणि दिव्य यांत अशी भिंतच नसल्यावर यंत्राचा विटाळ कोठून होणार?

विसाव्या शतकांत हीच वाट पुढें गेली. पंथाच्या ‘डेझरेट न्यूज’ या वृत्तपत्रानें ६ मे १९२२ रोजीं आपलें नभोवाणी केंद्र सुरू केलें आणि पहिल्याच दिवशीं पंथाचे अध्यक्ष हीबर ग्रँट त्यावरून बोलले. याच सुमारास आयडाहो संस्थानांतील रिग्बी गांवीं फायलो फार्न्सवर्थ नांवाचा मॉर्मन कुटुंबांतील मुलगा शेत नांगरतां नांगरतां, चित्र ओळीओळीनें विजेच्या द्वारें पाठवितां येईल काय, याचा विचार करीत होता. १९२२ मध्यें त्यानें आपल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकास त्याची आकृति काढून दाखविली. ७ सप्टेंबर १९२७ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यानें विद्युत्पद्धतीनें एक साधी रेषा पलीकडच्या पडद्यावर उमटविली. बलाढ्य आर.सी.ए. कंपनीनें त्याच्या हक्कास हरकत घेतली तेव्हां शिक्षकानें ती जुनी आकृति आठवून काढून दिली. १९३४ सालीं निकाल फार्न्सवर्थच्या बाजूनें लागला. हें श्रेय सर्वस्वीं त्याचें आहे, पंथाचें नव्हे. परंतु यंत्रापासून दूर राहा असें त्या मुलास घरीं कोणी सांगितलें नव्हतें, एवढें खरें.

निर्बंध मुळींच नव्हते असें मात्र नाहीं. दूरदेशीं गेलेल्या तरुण प्रचारकांस वर्षांतून केवळ दोनदां, नाताळांत आणि मातृदिनीं, घरीं टेलिफोन करण्याची मुभा असे. घरची ओढ कामांत आड येऊं नये हा हेतु. फेब्रुवारी १९१९ पासून नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, फेब्रुवारी २०१९ पासून, त्यांस दर आठवड्यास घरीं बोलण्याची परवानगी मिळाली.

या लोकांचा सर्वांत मोठा यांत्रिक उद्योग मात्र मृतांसाठीं आहे. मेलेल्या पूर्वजाच्या वतीनें जिवंत वंशजानें बाप्तिस्मा घ्यावा आणि त्याचा स्वीकार वा नकार परलोकीं त्या पूर्वजानें करावा, अशी त्यांची श्रद्धा. त्यासाठीं पूर्वजांचीं नांवें हवींत. म्हणून १८९४ मध्यें वंशावळींची संस्था निघाली आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांचीं मायक्रोफिल्मवर चित्रें घेण्यास आरंभ झाला. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाईटच्या डोंगरांत खोदलेलें भांडार १९६५ सालीं पुरें झालें. तेथें सुमारें २४ लाख रिळें जमलीं. या यंत्रानें एक जखमहि केली. नाझींच्या छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंचीं नांवें या यादींत येऊन त्यांच्या वतीनें ख्रिस्ती संस्कार झाल्याचें उघड झालें, तेव्हां त्यांच्या आप्तांस झालेलें दुःख सहज समजण्याजोगें आहे. जे ज्यू म्हणून मारले गेले, त्यांस मेल्यावर तरी ज्यू राहूं द्या, हें त्यांचें मागणें. १९९५ सालीं पंथानें ही गोष्ट थांबविण्याचा करार केला. त्यानंतरहि अशीं नांवें अधूनमधून सांपडत राहिलीं आणि तक्रारी होत राहिल्या.

त्या भांडारांत भरतखंडांतील वह्यांचींहि चित्रें आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेलेल्या मराठी यात्रेकरूस क्षेत्रोपाध्याय जशी आज्या-पणज्यांच्या नांवांची वही उघडून दाखवितात, तशाच वह्या हरिद्वारच्या पंड्यांजवळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. यूटांच्या संस्थेनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांचें चित्रण केलें. मूळ वह्या मात्र पंड्यांच्याच घरीं आहेत, आणि नवा यात्रेकरू आला म्हणजे त्याचें नांव त्यांत हातानेंच लिहिलें जातें.