उरलेल्या आचेवरचं बीट

आपल्याकडे बीट म्हटलं की ते उकडायचं, हे ठरलेलंच. बाजारातून आलं की धुऊन कुकरमध्ये जातं, शिट्ट्या होतात आणि तळाशी उरलेलं लालभडक पाणी मोरीत ओतलं जातं. त्या पाण्याबरोबर बिटाचा रंग जातो आणि थोडी साखरही जाते. भाजलेलं बीट ही हल्लीच्या हॉटेलांनी आणलेली हौस आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर बीट भाजायची रीत आपण खातो त्या गोल, लालबुंद बिटाच्याही आधीची आहे.

थोरल्या प्लिनीने इ.स. 77 च्या सुमारास सृष्टीविषयी 37 खंडांचा एक प्रचंड ग्रंथ रोममध्ये सिद्ध केला. त्यात लसणाबद्दल लिहिताना तो मेनांदर नावाच्या ग्रीक लेखकाचा हवाला देतो: लसूण खाल्ल्यावर निखाऱ्यांवर भाजलेलं बिटाचं मूळ खाल्लं, तर तोंडाचा वास जातो. हा इलाज कितपत लागू पडत असेल ते बाजूला ठेवू. निखाऱ्यांवर भाजणं ही गोष्ट प्लिनी समजावून सांगत बसत नाही, मला ते महत्त्वाचं वाटतं. वाचणाऱ्याला ती ठाऊक असणार, हे त्याने धरूनच चाललेलं आहे.

ते बीट मात्र आजच्यासारखं नव्हतं. बिटाचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात आजही उगवतो. पालक आणि चाकवत ही त्याचीच भावकी. माणसाने आधी त्याची पानं खाल्ली. मूळ सडपातळ, लांबुडकं, आणि त्याचा मान मुख्यतः औषधात. मार्शियाल या रोमन कवीने तर बिटाला कारागिरांचं बेचव जेवण ठरवून टाकलं. त्याला चव आणायची तर स्वयंपाक्याला वाइन आणि मिरी मागावी लागते, असं त्याचं म्हणणं. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांनी जायची.

फुगीर, लाल मुळाचं बीट युरोपात नावारूपाला आलं ते सोळाव्या शतकात, आणि त्याला 'रोमन बीट' म्हणत. 1600 साली फ्रान्समधला शेतीचा जाणकार ऑलिव्हिए द सेर याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात नोंदवलं की हे कंद इटलीतून आले त्याला फार काळ झालेला नाही, आणि शिजताना त्यातून सुटणारा रस साखरेच्या पाकासारखा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी केलेलं हे निरीक्षण किती अचूक होतं! पुढे 1747 साली बर्लिनच्या मार्ग्राफने बिटातल्या साखरेचे स्फटिक वेगळे करून दाखवले, आणि तिथून बीटसाखरेचा उद्योग उभा राहिला. ती कथा मोठी आहे आणि पांढऱ्या बिटाची आहे. आपण लाल बिटाबरोबर स्वयंपाकघरातच राहू.

बीट घट्ट असतं, आणि त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण 87 ग्रॅम पाणी असतं. सालीसकट अख्खं बीट मंद आचेवर ठेवलं तर हे पाणी हळूहळू कमी होतं, गोडी दाट होत जाते, सालीलगतचा भाग खमंग होतो. पण त्याला तास मोजावे लागतात. एवढं सरपण निव्वळ बिटासाठी कोण जाळणार? म्हणून बिटाच्या वाट्याला कायम दुसऱ्याच्या कामातून उरलेली आच आली. आधी चुलीतले निखारे, मग पावाची भट्टी.

विटांच्या भट्टीत लाकडं जाळून घुमट तापवायचा, निखारे बाहेर ओढायचे आणि कडक आचेवर पाव भाजायचे. पाव निघाल्यावरही भट्टी तासन्‌तास ऊब धरून असते, उतरत्या आचेची. बिटाला नेमकी तीच मानवते. फ्रान्स आणि इटलीच्या बाजारांत भाजीवाल्यांकडे भट्टीत शिजवलेली, काळपट सुरकुतलेल्या सालीची बिटं मिळत आली आहेत. घरी नेऊन सोलायची आणि तेल-व्हिनेगरमध्ये घालायची. घरोघरी भट्टी नसायचीच. फ्रान्सच्या कित्येक गावांत ती जमीनदाराची असे, आणि तिथेच पाव भाजून त्याला मोबदला देण्याची सक्ती होती; ती राज्यक्रांतीत संपली. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाणाऱ्या बायकांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

घरगुती भाजणीची मला आवडलेली स्पष्ट कृती इंग्लंडच्या एलायझा अॅक्टन यांच्या 1845 च्या पुस्तकात आहे. बीट धुऊन पूर्ण कोरडं करा, कुठेही कापू-तोडू नका, मातीच्या जाड भांड्यात ठेवून मंद भट्टीत चार ते सहा तास राहू द्या. उकडलेल्यापेक्षा रंग थोडा फिका पडतो, पण गोडी कितीतरी जास्त, हेही त्या सांगतात. दोन्ही खरं आहे. बिटाचा लाल रंग, बीटानिन, लांबलेल्या उष्णतेत थोडा विरतो.

पुढे लोखंडी शेगड्या आल्या, गॅस आला. वर पातेलं ठेवून उकडणं सोपं आणि स्वस्त. 1861 च्या मिसेस बीटन यांच्या गाजलेल्या पुस्तकात उकडलेलं बीट आहे, साल फुटू देऊ नका या ताकिदीसह. आपल्याकडे युरोपी भाज्यांबरोबर बीट आलं आणि ते पातेल्यातच गेलं. आजही आपले शेतकरी लावतात त्या जातींची नावं 'डेट्रॉइट डार्क रेड' आणि 'क्रिमसन ग्लोब' अशी परकीच आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीट पुन्हा ओव्हनमध्ये शिरलं, यावेळी बहुधा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून. फॉइलमधलं बीट स्वतःच्याच वाफेवर शिजतं. मऊ आणि रसाळ होतं, पण खमंगपणा येत नाही. तो हवा असेल तर शेवटची वीस मिनिटं फॉइल उघडावी.

एका बिटासाठी तासभर वीज जाळणं मला पटत नाही. केक किंवा बिस्किटं काढली की त्याच तापलेल्या ओव्हनमध्ये चार-पाच मध्यम बिटं ठेवावीत, देठाचा बोटभर तुकडा आणि शेपूट तशीच ठेवून, म्हणजे रस गळत नाही. 180 अंशांवर तासाभरात सुरी सहज आत जाते. मोठ्या बिटांना जास्त वेळ लागतो. कोमट असताना साल अंगठ्याने सुटते. फोडींवर लगेच लिंबू पिळावं. बिटाला मातीचा वास येतो तो जिओस्मिनमुळे; पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही तेच असतं. आंबटपणाने ते मोडतं आणि लाल रंगही टिकतो. मग दही, दाण्याचं कूट, वरून जिरं-मिरचीची फोडणी. या कोशिंबिरीत चिमूटभरही साखर लागत नाही.